पाठ टेकल्यावर

डिसेंबर 2018मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या जालन्यात झाल्या. शेवटची लढत माती विभागातून आलेला बाला रफीक शेख आणि गादी विभागातून आलेला, आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके यांच्यात होती. बालाने ती गुणांवर जिंकली आणि गदा नेली. मी त्या गर्दीत होतो. गुण फळ्यावर दिसत होते, पण माझ्या आजूबाजूची माणसं फळ्याकडे बघत नव्हती. त्यांचे डोळे दोघांच्या खांद्यांवर खिळले होते. कुणाचा एक खांदा जरा गादीकडे झुकला, की सगळी गर्दी उठून उभी राहायची.

कुस्ती बघत वाढलेल्या मराठी माणसाचा डोळा असाच घडतो, आणि भाषाही. आपण समोरच्याला चितपट करतो, त्याची पाठ लावतो, त्याला अस्मान दाखवतो. आभाळ दिसतं ते उताण्या पडलेल्या माणसाला, आणि तो उताणा पडला की पंच हात वर करतो, हलगी कडाडते, फेटे उडतात. त्यापुढे काही घडायचं उरत नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्या अंगात हे इतकं मुरलंय, की पाठ टेकल्यानंतरही काही करता येतं हा विचारच आपल्याला परका वाटतो.

या पुस्तिकेतली विद्या, ब्राझिलियन जुजुत्सू, अस्मान दिसल्यावर सुरू होते.

मला ते रस्त्यावर कळलं. दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराच्या पुढे घरी निघालो होतो. कारखान्याच्या भिंती संपल्या, दिवे संपले, आणि लघवीला म्हणून गाडी बाजूला लावली तेवढ्यात मागून कुणीतरी कॉलर धरून मला खाली ओढलं. शाळेच्या वयात मी सात वर्षं तालमीत गेलेलो. पाठ जमिनीला लागतेय हे कळताच शरीराने शिकलेलंच केलं: मी झटक्यात पालथा झालो. तालमीत ते बरोबर असतं. पालथ्या पडलेल्या पैलवानाला उलटवताना वरच्याचा घाम निघतो, घिस्सा लावावा लागतो, सवारी भरावी लागते, आणि तेवढ्यात खालच्याला दम खाता येतो. इथे मात्र मी त्या माणसाला माझी मानच देऊन बसलो. तो पाठीवर बसला, त्याचा हात माझ्या हनुवटीखाली शिरला, आणि डोळ्यांपुढचा रस्ता कडेने काळा होत गेला. लांबून एका ट्रकचा उजेड आला म्हणून तो पळाला. माझा मोबाइल गेला आणि आठवडाभर थुंकी गिळवत नव्हती.

पुढे ही विद्या शिकताना पहिल्याच महिन्यात कळलं, की त्या रात्री मी काय केलं त्याला नाव आहे: पाठ देणं. पाठ टेकणं परवडतं, पाठ देणं परवडत नाही. कुस्तीचा नियम याच्या नेमका उलटा आहे. तालमीने मला दम दिला, मान दिली, पकड दिली. त्यातलं काहीही वाया गेलं नाही. पण तालमीत पंच असतो आणि तो चितपट झाल्यावर कुस्ती सोडवतो, म्हणून पुढचं शिकवायची तिला गरज पडली नाही. रस्त्यावर सोडवणारा कुणी नसतो.

या विद्येचं नाव ब्राझीलचं असलं तरी मूळ जपानचं. 1882मध्ये जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात कोदोकान हा आपला आखाडा सुरू केला. बारा चटया, नऊ शिष्य. जपानी ताटामी चटई साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते, म्हणजे ती सगळी जागा एमआयडीसीतल्या एखाद्या लहान गोदामाच्या कोपऱ्याएवढी होती. हा हिशेब मुद्दाम देतोय, कारण 'आपल्याकडे जागा कुठे आहे' हे वाक्य मी जालन्यात फार ऐकलंय. कानो अंगाने लहान होता आणि शाळेत दांडगट मुलांचा मार खाल्लेला होता. जुन्या जुजुत्सूतले घातक भाग त्याने सरावातून बाजूला काढले, आणि जे पूर्ण ताकदीने रोज करून पाहता येईल तेवढं ठेवलं. तेच ज्युडो. रोज, पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर. ज्युडोचं आणि पुढे जुजुत्सूचंही सगळं बळ या एका निवडीत आहे. स्वसंरक्षणाच्या नावाखाली दोन तासांच्या शिबिरात 'इथे बोट घाला, तिथे लाथ मारा' असं जे दाखवतात, ते कुणी कधी खरोखर करून पाहिलेलं नसतं. म्हणून प्रसंग आला की ते हातून घडत नाही.

कानोच्या कोदोकानमधला मित्सुयो माएदा हा मल्ल अमेरिका, युरोप, क्युबा, मेक्सिको अशी मुलूखगिरी करत, पैशाच्या कुस्त्या लढत 1914मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे उत्तरेकडच्या बेलेम शहरात स्थिरावला. तिथे त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी हा पोरगा शिकला. 1925मध्ये ग्रेसी बंधूंनी रिओमध्ये स्वतःची शाळा काढली, आणि धाकट्या हेलिओने जमिनीवरच्या डावांना असं वळण दिलं, की हलक्या माणसालाही ते जमावेत. हेलिओचा मुलगा रॉयस 12 नोव्हेंबर 1993ला डेन्वरमध्ये यूएफसी या मुक्त लढतींच्या पहिल्या स्पर्धेत उतरला. वजन जेमतेम ऐंशी किलो. त्याने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या आणि सगळ्या जगाला जमिनीवरची कुस्ती नव्याने शिकायला लावली.

ग्रेसी घराण्याची ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. मला त्याहून जवळचा वाटतो तो ओस्वाल्दो फाद्दा. माएदाच्याच एका शिष्याकडून, लुईझ फ्रांसाकडून, त्याने विद्या घेतली आणि रिओच्या उत्तरेकडच्या गरीब उपनगरांत ती वाटली. ग्रेसींच्या शाळेत पैसेवाल्यांची मुलं जात. फाद्दाकडे फी न परवडणारी माणसं येत. 1950च्या दशकात त्याने ग्रेसींना उघड आव्हान दिलं, आणि त्याच्या पोरांनी पायाला पेच घालण्याचे डाव वापरून ग्रेसींच्या शाळेला हरवलं. उपनगरातल्या कामकरी माणसांत रुजलेली ही शाखा आजही जिवंत आहे. जालन्याच्या एमआयडीसीत ही विद्या आणायची म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे फाद्दाच होता.

कारण इथली माणसं बघा. भंगार वितळवून बिलेट करणाऱ्या भट्ट्या आणि त्या बिलेटच्या सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल, हे या वसाहतीचं एक अंग. तिथे उत्तर प्रदेश, बिहारकडची पोरं आहेत, मंठा-परतूर-घनसावंगीकडची आहेत. दुसरं अंग बियाण्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964मध्ये महिको काढली तेव्हापासून जालना हे बियाण्याचं गाव झालं, आणि बी निवडायला, पाकिटं भरायला हात बायकांचे. या सगळ्यांच्या वाट्याला अवेळ येते: पाळी सुटण्याची वेळ, शेअर रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ, चंदनझिऱ्याकडे पायी जाण्याचा वेळ. पगाराच्या दिवशी खिशात रोकड. खोलीवर परतल्यावर दारू प्यायलेला सोबती. सगळीच संकटं अनोळखी माणसाकडून येत नाहीत. बाईवर हात टाकणारा तर बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो.

ही पुस्तिका पैलवानासाठी नाही. त्याला तिचा उपयोग होईल, पण ती लिहिली आहे अठ्ठेचाळीस किलोच्या बाईसाठी, आणि आठ तास भट्टीपुढे उभं राहून पाय गळालेल्या माणसासाठी.

मुळातला विचार अंतराचा आहे. ठोशात जोर यायचा तर हाताला मागे जायला जागा लागते. लांब उभा असलेला माणूस तुम्हाला मारू शकत नाही, आणि छातीला छाती चिकटलेलाही नीट मारू शकत नाही. मार बसतो तो मधल्या हातभर अंतरात. तेव्हा एक तर पूर्ण लांब राहायचं, निघून जायचं, किंवा ते अशक्य झालं तर पूर्ण चिकटायचं. भांडणात आपण उपजत जे करतो, ढकलत, मागे सरकत, हात फिरवत त्या मधल्या पट्ट्यात उभं राहणं, ते सगळ्यात वाईट.

दुसरा विचार कमरेचा. मोंढ्यातला हमाल पोतं हातांनी उचलत नाही, कंबर पोत्याखाली घालतो. त्याचे दंड आपल्याहून फार मोठे असतात असंही नाही. खाली पडलेल्या माणसाचे हात दमतात, कंबर दमत नाही.

एक डाव सविस्तर सांगतो, कारण सगळी विद्या त्याच्यात दिसते. तुम्ही उताणे आहात आणि एक जड माणूस तुमच्या पोटावर दोन्हीकडे गुडघे टाकून बसला आहे. याला माउंट म्हणतात, आणि रस्त्यावर याहून वाईट जागा एकच: पाठ दिलेली. अशा वेळी प्रत्येक जण हात सरळ करून त्याची छाती वर ढकलतो. दहा सेकंदांत दंड भरून येतात, आणि ताठ झालेला हात पिरगळायला सोपा जातो. त्याऐवजी कोपरं बरगड्यांना चिकटवा. त्याचा हात तुमच्या गळ्यावर किंवा छातीवर येणारच. आला की तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट बांधून टाका. त्याच बाजूच्या पायाने त्याचं पाऊल बाहेरून अडवा. आता दोन्ही टाचा ढुंगणाजवळ घेऊन कंबर जोरात वर उचला आणि अडवलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरके वळा. बाजेचे एकाच बाजूचे दोन खूर काढून घेतले, तर वर कितीही जड माणूस निजलेला असो, बाज त्याच बाजूला कलंडते. त्याचंही तेच होतं. त्या बाजूला टेकवायला त्याच्याकडे हात उरलेला नसतो आणि पायही. पहिल्या दिवशी बारीक चणीची मुलगी आपल्यापेक्षा तीस किलो जड माणसाला असं उलटवते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी माझा घसा दाटतो.

तो पुरेसा वाकला नाही, हात सापडला नाही, तर सरकायचं. कुशीवर वळून, गुडघा आणि कोपर एकमेकांकडे आणत कंबर मागे काढायची. बोट लागल्यावर अळी आखडून बाजूला होते तशी. जगभर या हालचालीला कोळंबीचं नाव आहे. ती दिसायला क्षुल्लक आहे आणि तिच्यावाचून पुढचं काहीही येत नाही. रोजच्या सरावाची पहिली दहा मिनिटं मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त हेच करायचं. जोर-बैठकांचा कंटाळा करणाऱ्याला वस्ताद तालमीत उभा करत नसे. इथेही तसंच समजा.

सरकलात की तुमचे पाय त्याच्या आणि तुमच्या मध्ये येतात. याला गार्ड म्हणतात, आणि मराठी प्रेक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. तुम्ही उताणे, तो वर, तुमच्या पायांची त्याच्या कमरेला कैची. कुस्तीच्या डोळ्याने बघितलं तर तुम्ही हरलात. पण वरच्याला आता उठता येत नाही, सरकता येत नाही. त्याचं डोकं खाली ओढून छातीशी धरलंत तर मारताही येत नाही. खाली असूनही कधी काय व्हायचं हे ठरवणारे तुम्ही असता. बाईच्या दृष्टीने याचं मोल मी वेगळं सांगायला नको. जी जागा तिला सगळ्यात भयाची वाटते, तिथेच तिच्या अंगातला सगळ्यात ताकदवान स्नायू, मांडीचा, कामाला येतो.

आणि मग उठणं. लोक धडपडत, दोन्ही हात टेकून, डोकं खाली घालून उठतात आणि तोंडावर लाथ खातात. या पुस्तिकेतला उठण्याचा पाठ असा आहे: बसते व्हा, एक हात मागे जमिनीवर, दुसरा चेहऱ्यापुढे. मागच्या हाताच्या विरुद्ध बाजूचं पाऊल रोवलेलं. तो हात आणि ते पाऊल यांवर कंबर उचला, मोकळा पाय अंगाखालून मागे ओढून घ्या, आणि उभे राहा. नजर सबंध वेळ समोरच्यावर. तो जवळ आला तर तोच मोकळा पाय त्याच्या गुडघ्यावर मारता येतो. शिकणाऱ्यांना हा पाठ नीरस वाटतो, त्यांना गळा आवळायचे डाव हवे असतात. पण जमिनीवरचं बाकी सगळं या उठण्यासाठी आहे. उठायचं आणि निघून जायचं.

आपल्याकडच्या हाणामारीत मुंडी काखेत धरणं फार. मागून कवळा घालणं, मनगट धरून ओढणं, केस धरणं हेही. त्यांची उत्तरं पुढच्या पाठांत आहेत. मागून गळ्यात हात पडला तर पहिलं काम हनुवटी खाली दाबायची आणि दोन्ही हातांनी त्याचा तो एकच हात खाली ओढून धरायचा, हे मात्र आत्ताच लक्षात ठेवा. एमआयडीसीत आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. ओळखपत्राची नाडी. पाळी सुटली की ती गळ्यातून काढून खिशात ठेवा. गळ्यात जाडजूड फीत घालून अंधारात चालणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात दोर देणं आहे. बायकांनी ओढणीची गाठ मानेमागे बांधू नये, तेही याचसाठी.

गळा आवळण्याचा डाव शेवटच्या पाठात ठेवला आहे आणि तो शिकवणाऱ्याच्या समोरच करायचा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपतो. तेवढ्यात सोडला तर तो सावरतो. त्यापुढे धरून ठेवला तर मरतो. कायद्यालाही हा फरक कळतो. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वतःच्या बचावाच्या हक्काविषयी आहेत. हक्क स्पष्ट आहे: स्वतःचं आणि दुसऱ्याचंही शरीर वाचवायला बळ वापरणं हा गुन्हा नाही. कलम 37 मात्र म्हणतं, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क सांगता येत नाही. बलात्काराच्या, ॲसिड फेकण्याच्या किंवा जीव घेण्याच्या हेतूने केलेल्या हल्ल्यात मर्यादा खूप पुढे जाते, ते कलम 38मध्ये आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाला धरून ठेवणं यात कुठेच बसत नाही. सुटलात की 112 लावा.

सरावातली सुरक्षितता ज्या एका खुणेवर उभी आहे, ती म्हणजे टॅप. डाव लागला, सांधा ताणला गेला, गळा दाबला गेला, की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं. तो त्याच क्षणी सोडतो. आपल्या मातीतल्या कुस्तीत अशी खूण नाही. तिथे पाठ लागते किंवा लागत नाही, हार तोंडाने किंवा हाताने कबूल करण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून आपल्या मुलांना टॅप करणं शरणागतीसारखं वाटतं. 23 ऑक्टोबर 1951ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानचा मासाहिको किमुरा याने हेलिओ ग्रेसीचा हात मागे पिरगळला. हेलिओने टॅप केलं नाही, शेवटी थोरल्या कार्लोसने लढत थांबवली. आज तो पेच किमुरा याच नावाने ओळखला जातो. पंचवीस वर्षांनी, 1976च्या डिसेंबरमध्ये, कराचीत अंतोनिओ इनोकीने तसाच पेच अक्रम पैलवानावर टाकला. अक्रम हा गामाच्या घराण्यातला, आपल्याच परंपरेतला मल्ल. त्यानेही हार कबूल केली नाही आणि हात कामातून गेला. या दोन्ही मल्लांविषयी मला आदर आहे. पण सळया ओढून पोट भरणाऱ्या माणसाला खांदा घालवून चालणार नाही. त्याची हजेरी त्या खांद्यावर आहे. आमच्याकडे लवकर टॅप करणाऱ्याचं कौतुक होतं. शिवाय भोजपुरी बोलणारा आणि मराठवाडी बोलणारा एकमेकांशी झुंजतात तेव्हा दोघांना पक्की कळणारी ती एकच भाषा असते.

बायकांनी हे शिकावं का, असं अजूनही विचारणारे भेटतात. मार्च 2023मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा घेतली, तेव्हा बायका मातीत उतरल्याचं अनेकांना नवल वाटलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, 1913च्या सुमारास, लंडनमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायकांच्या एका संरक्षक तुकडीला एडिथ गॅरुड ही पाच फुटांहूनही कमी उंचीची बाई जुजुत्सू शिकवत होती, पोलिसांशी झटता यावं म्हणून. 1929मध्ये रवींद्रनाथांनी जपानहून ताकागाकी यांना शांतिनिकेतनात ज्युडो शिकवायला आणलं, तेव्हा शिकणाऱ्यांत मुलीही होत्या. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, आणि मारुतीची स्थापना करत बलोपासना शिकवणाऱ्या त्या संताचा वारसा या जिल्ह्यात सगळेच सांगतात. त्या वारशात मुलींचा वाटा धरायचा की नाही, हे आता आपण ठरवायचं आहे. मी धरतो.

या विद्येच्या मर्यादाही इथेच सांगून ठेवतो. मॅटवर जमिनीवर जाणं सुरक्षित आहे, एमआयडीसीच्या रस्त्यावर खडी आहे, लोखंडाचे तुकडे आहेत, काँक्रीटची कड आहे. डोकं आपटून माणसं मरतात. म्हणून पहिला पाठ पडण्याचा आहे: हनुवटी छातीला, पाठ गोल, हात बाजूला. समोर दोघे असतील तर मुद्दाम खाली जाऊ नका, कारण एकाला कैचीत धरलंत तर दुसऱ्याच्या पायात सेफ्टी शूज असतात. चाकू दिसला तर पाकीट, मोबाइल, गाडी, जे मागेल ते द्या आणि पळा. चाकू हिसकावण्याचा एकही डाव या पुस्तिकेत नाही. असे डाव चित्रांत छान दिसतात, आणि त्यांच्या भरवशावर मी कुणाचं पोरगं पाठवणार नाही. घरातल्याच माणसाकडून रोज मार खाणाऱ्या बाईला चार डाव पुरणार नाहीत. तिला सोबत लागते, राहायला दुसरी जागा लागते, पोलिसांत आणि कोर्टात बरोबर येणारं माणूस लागतं. डाव तिला दारापर्यंत पोहोचवेल. दाराबाहेर कुणी उभं आहे का, हे आपल्या सगळ्यांचं काम.

पुस्तिकेत बारा पाठ आहेत. एका पाठाला दोन आठवडे द्या, घाई करू नका. ब्राझिलियन जुजुत्सूत पांढऱ्या पट्ट्यानंतर निळा, जांभळा, तपकिरी आणि मग काळा येतो, आणि काळ्यापर्यंत जायला साधारण दहा वर्षं लागतात. तुम्हाला तिथवर जायचं नसेल तरी हरकत नाही. 2018पासून जुजुत्सू आशियाई खेळांतही आहे, तेव्हा कुणाला पुढे जावंसं वाटलं तर वाट आहे. जाड कापडाचा गणवेश महाग पडतो. त्याची गरज नाही, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट आणि बिनखिशाची हाफ पँट पुरे. रात्रपाळी करून आलात त्या दिवशी झुंजू नका, फक्त बसून बघा. उन्हाळ्यात पाणी पिऊनच मॅटवर या. पाणीटंचाई सोसलेल्या या शहरात मी हे अवघड मागणं करतोय हे मला माहीत आहे, पण सरावानंतर अंघोळ केलीच पाहिजे आणि मॅट जंतुनाशकाच्या ओल्या फडक्याने रोज पुसलीच पाहिजे. एकाला नायटा झाला की पंधरा दिवसांत सगळ्यांना होतो, आणि लाजेने कुणी बोलत नाही.

पहिल्या दिवशी येताना हाताची आणि पायाची नखं कापून या. अंगठ्या, बांगड्या, कानातलं, गळ्यातलं घरी ठेवा. हातावर भट्टीचा चटका असेल तर शिकवणाऱ्याला आधी दाखवा. आपल्याच वजनाचा, शक्यतो ओळखीचा जोडीदार बरोबर आणा. मग मॅटच्या कडेला चपला काढा, मध्ये जा, आणि पाठीवर निजा.